हावरा जावई आणि ओढलेला चोक

आमच्या घरात एक नियम आहे. मी जेवायला बसलो की बिल्डिंगच्या खाली कुणी गाडी सुरू करायची नाही. नियम अर्थात आमच्या सौभाग्यवतींनी केलेला, आणि सावेडीतल्या त्या बिल्डिंगमध्ये तो कुणीही पाळत नाही. मग होतं काय, तर खालचा भाडेकरू किक मारतो, गाडी दोनदा खोकते, आणि माझा घास हातातच राहतो. "सुरू झाली की हो! खा आता," सुनंदा म्हणते. पण माझं लक्ष तिसऱ्या खोकल्याकडे असतं. कधीकधी उष्ट्या हाताने खाली जातो. भाडेकरू मला बघून गाडी घेऊन पळतो, कारण एकदा मी त्याला अर्धा तास थांबवून आयडलिंग लावून दिलं होतं आणि त्याची ड्यूटी चुकली होती.

मी पेट्रोल गाड्यांचा मेकॅनिक. त्यातही कार्बोरेटरवाला. म्हणजे ज्या गोष्टीचं आता कुणाला काही काम उरलं नाही, त्या गोष्टीतला नगरमधला जाणकार. नव्या गाड्यांत कार्बोरेटर नसतोच. आजकालची पोरं गाडीला लॅपटॉप जोडतात आणि स्क्रीनकडे बघत बसतात. मी गाडीला कान जोडतो आणि आभाळाकडे बघत बसतो. दिसायला दोघंही रिकामटेकडेच.

आता ज्यांनी चोक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पहाटे इंजिन गार असतं. गार इंजिनाला पातळ मिश्रण चालत नाही. त्याला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावर एक छोटी झडप असते. डॅशबोर्डवरचं बटण ओढलं की ती झडप बंद होते, हवा अडते, इंजिन भरपूर पेट्रोल पितं आणि पेट घेतं. इथवर कुणालाही जमतं. खरी मेख पुढे आहे. इंजिन तापलं की बटण परत आत ढकलायचं, हळूहळू. नाही ढकललं तर पेट्रोल जास्तच होतं, धूर काळा येतो, प्लग काजळतात आणि गाडी ओव्हर होऊन बंद पडते. मग मारत बसा सेल्फ.

कधी ढकलायचं? हे कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. इंजिनच सांगतं. आधी ते टणटणीत वाजत असतं, मग आवाज जड होतो, घशात काहीतरी अडकल्यासारखा गुबगुब यायला लागतो. तो गुबगुब ऐकू आला की ढकला. बस, एवढीच विद्या. या एवढ्या विद्येवर मी संसार केला.

चोकची म्हणून जी दुखणी माझ्याकडे आली, त्यातली निम्मी माणसांची होती. एका शाळेच्या बाईंची जुनी मोटार पेट्रोल फार खायची. मी झडप पाहिली, केबल पाहिली, सगळं ठीक. शेवटी बाईंना म्हटलं, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. बाईंनी दार लावलं आणि खांद्यावरची पर्स काढून चोकच्या बटणाला अडकवली. पर्समध्ये वह्या, डबा, छत्री. "एवढी सोयीची खुंटी दिलीय कंपनीनं," म्हणाल्या.

श्रीगोंद्याचे एक ऊसवाले बागाईतदार होते. त्यांची जीप दसऱ्यानंतर हटकून धूर ओकायची. मी दर वर्षी बॉनेट उघडायचो आणि दर वर्षी तेच. घरच्यांनी खंडेपूजनाला इंजिनाला हळदकुंकू वाहून लाल नाडा बांधलेला असायचा, आणि बांधायला सोयीचं म्हणून नेमका चोकच्या दांडीला. झडप अर्धी बंद. "काढू का?" म्हटलं की पाटील म्हणायचे, "काढू नगं, सरकव." मग मी तो नाडा सन्मानाने एअर क्लीनरला बांधायचो. देव राजी, गाडी राजी.

ज्या गाडीबद्दल लिहायला बसलोय ती मात्र माझ्या सासऱ्यांची.

सासरवाडी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात. धरणाच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या मध्ये घर. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांकडे मिलिटरीच्या लिलावात घेतलेली एक जुनी पेट्रोल पिकअप होती. वाडीतल्या लोकांचं दूध कॅनमध्ये भरून खालच्या रस्त्यावरच्या संकलन केंद्रावर न्यायचं, येताना पेंड, खत, बाजार आणि चढ न झेपणारी म्हातारी माणसं घेऊन यायची, हे त्यांचं काम. पैशाचं काम म्हणावं तर पेट्रोलही निघायचं नाही. पण त्या गाडीमुळे मामा वाडीचे मामा होते.

मागच्या अधिक महिन्याच्या आधी ती गाडी बंद पडायला लागली. मेव्हणा दत्तू फोन करायचा, "दाजी, परत खोळंबली. काळा धूर." मी ती नगरला आणवली. कार्बोरेटर खोलला, जेट साफ केले, सुई बदलली, फ्लोट बदलला, चोकची केबल नवी टाकली. गाडी माझ्या शेडमध्ये अशी वाजायची की शेजारचा पानवाला ऐकायला यायचा. परत पाठवली. आठवडाभरात दत्तूचा फोन. पुन्हा आणली, पुन्हा खोलली. काही नाही. पुन्हा पाठवली, पुन्हा फोन.

नगरमध्ये माझं थोडंफार नाव आहे, पण सासरवाडीत ते मातीत गेलं. कुणाचं काही बिघडलं, अगदी चुलीचा धूर जरी झाला, तरी लोक म्हणायचे, "जावयाला दाखवा, म्हंजे कायमचं बंद पडंल." मामा फोनवर कधी काही बोलले नाहीत. त्यांना फोन दिला की ते म्हणायचे, "रेंज न्हाई," आणि मामींच्या हातात द्यायचे. मला वाटायचं, रागावलेत.

अशात अधिक श्रावण आला आणि धोंड्याचं बोलावणं. बाहेरच्यांना सांगतो, अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आमच्याकडची पद्धत. जावई मग पन्नाशीचा, टकला आणि गुडघेदुखीचा असला तरी चालतो. आम्ही एस्टीने गेलो. फाट्यावर दत्तू मोटरसायकल घेऊन उभा. पिशव्या घेता घेता म्हणाला, "दाजी, एक सांगून ठेवतो. धोंडं झालं की परवा भंगारवाला येतोय. मी बोलून ठिवलंय. दूध मी मोटरसायकलवर नेईन."

"मामा काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात? म्हणत्यात, जावई येऊन राह्यल्यात, ते बघतील."

म्हणजे सगळा भार माझ्यावर. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत दुखणं सापडलं तर गाडी राहणार आणि मामा वाडीचे मामा राहणार. नाही तर गाडी भंगारात आणि मामा ओट्यावर.

घरात शिरलो ते थेट पिकअपकडे. बॉनेटला हात लावतो तोच मामी पडवीतून ओरडल्या, "आवं जावईबापू! हात काळं करून धोंड्याला बसता काय? ठिवा ते खाली!" धोंड्याचा जावई म्हणजे तांदळातला गणपती. त्याने ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा, पुन्हा चहा प्यायचा. मी बसलो. पण पाय हलत होते, बोटं मांडीवर ताल धरत होती. सुनंदा म्हणाली, "पलंगाला चाकं लावली काय तुम्ही? हलतोय नुसता."

संध्याकाळी धारा झाल्या. पाऊस भुरभुरत होता. मामांनी कॅन चढवले आणि गाडी सुरू केली. माझ्या हातात तिसरा चहा. मी कान टवकारले. चोक ओढलेला, इंजिन टणटणीत. छान. माझ्या कामात खोट नव्हती. मग आवाज जड झाला. आता ढकलतील, म्हटलं. गुबगुब सुरू झालं. आता. आता तरी. गाडी तशीच हलली आणि आवाराबाहेर निघाली. बशी ओट्यावर आपटली, मामींनी आल्याआल्या नेसायला दिलेल्या नव्या धोतराचा सोगा धरला आणि पळालो. मागून मामींचा आवाज, "आवं, चप्पल तरी!" चालत्या गाडीचं दार उघडून आत चढलो. मामांनी दचकून पाहिलं, मग हसले. "या की."

"मामा, चोक," मी म्हटलं.

ते समोर बघत राहिले. मला वाटलं, शिकवलेलं आवडलं नाही. जावयाने सासऱ्याला गाडी शिकवावी हे तसं शोभतही नाही. मांडीखाली हात दाबून बसलो, कारण हात आपोआप त्या बटणाकडे जात होता. गाडी काळा धूर सोडत उताराला लागली. तो रस्ता अरुंद, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खोल खाचरं. मागून एस्टी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मामा रस्त्याच्या मधोमध. दुसरा हॉर्न, तिसरा, मग दाबूनच धरलेला. मामा शांत, चेहऱ्यावर पावसाळ्यातली हिरवळ बघितल्याचं समाधान. वळण संपल्यावर एस्टी आम्हाला घासून पुढे गेली, आणि ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन बोंबलला, "कानात बोळं घातल्यात का रं म्हाताऱ्या?"

मामांनी हात वर केला आणि त्याला राम राम घातला.

तेव्हा मला कळलं, मी इतके महिने चुकीची वस्तू खोलत होतो.

केंद्रावर गाडी थांबली. माणसं कॅन उतरवायला लागली. मी हात पुढे केला आणि बटण आत ढकललं. इंजिनाने सुटकेचा श्वास टाकला. मामांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. मी त्यांच्या समोर तोंड नेऊन सावकाश विचारलं, "मामा, कवापासनं ऐकू येत न्हाई?"

मामांनी वायपर बंद केला.

"गेल्या पावसाळ्यापासनं कमी कमी हुत गेलं," ते म्हणाले. "आधी वाटलं, गाडीच गुमान झाली. म्हटलं, जावयानं काय कारबोरेटर बसवलाय! आवाज म्हनून न्हाई. समद्यास्नी सांगितलं म्या."

माझ्या आयुष्यात माझ्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नसेल, आणि ती ऐकून एवढं वाईटही कधी वाटलं नसेल.

"दत्तूला सांगू नगा," मामा म्हणाले. "त्यो चावी घील. तुमी एक करा. चोक ओढला की लाल दिवा लागंल असं कायतरी बसवा हितं. नगरात मिळत आसंल. दिवा दिसला की मी ढकलीन."

डोकं बघा माणसाचं! जुन्या काही मोटारींत खरंच असा दिवा असायचा. बटणाच्या मागे एक छोटा स्विच आणि बल्ब, किरकोळ काम. माझी बोटं मनातल्या मनात वायर सोलायलाही लागली. गाडी वाचणार होती, माझं नाव वाचणार होतं.

"आणि मागची एस्टी?" मी विचारलं. "ती कोणत्या दिव्यात दिसंल?"

"आरसा हाय की."

आरशाला तडा होता. त्यात एकीच्या जागी दोन एस्ट्या दिसल्या असत्या, पण बघितलं तर. परत येताना गाडी मी चालवली. मामींना सांगितलं, मामांच्या हाताला रग लागली.

त्या रात्री मी इतक्या कुशी बदलल्या की सुनंदा उशी घेऊन आईजवळ झोपायला गेली. दत्तूला सांगावं, तर सकाळपर्यंत वाडीभर होणार आणि मामांना लोक हातवारे करून बोलणार. दिवा बसवावा, तर त्या वळणावर जे होईल ते माझ्या हाताने होणार. गप्प राहावं, तर भंगारवाला गाडी तोडून नेणार, आणि ती मामांच्या डोळ्यांदेखत तुटणार. डोळे चांगले होते ना त्यांचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाट मांडले. भाऊबंद जमलेले. ताटात धोंडे, तुपाची धार, बाजूला अनारशांचं वाण आणि त्यावर दिवा. आमच्या सासरवाडीत एक गंमत असते. जावयाने पहिला घास घ्यायच्या आधी रुसायचं. हात आखडून बसायचं. मग सासऱ्याने विचारायचं, काय पायजे? जावई काहीतरी मागतो, टोपी, घड्याळ, टॉर्च. ते आधीच आणून ठेवलेलं असतं. मामांच्या मांडीखाली घड्याळाची डबी मला दिसतही होती.

मी हात आखडला. सगळे हसले. मामांनी विचारलं, "काय पायजे, जावईबापू?"

मी त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "पिकअपची चावी."

हसणं थांबलं. एक चुलत सासरे म्हणाले, "आरं तिच्या! घड्याळावर भागंना व्हय?" मामींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. दत्तू म्हणाला, "दाजी, भंगारवाल्याला शब्द दिलाय मी."

"त्याला सांग, गाडी जावयाची झाली."

मामा माझ्याकडे बघत होते. काय बोललो ते त्यांना कळलं होतं, आणि का बोललो तेही. बंडीच्या खिशातून त्यांनी चावी काढली, अनारशांच्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "घ्या." मग ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी धोंडे खाल्ले. किती गोड होते ते आठवत नाही.

निघताना मी गाडी सुरू केली. मामा ओट्यावर पाठ करून बसले होते. आणि त्या दिवसापासून अकोल्याच्या त्या डोंगरात मी हावरा जावई. लग्नात, तेराव्यात, जिथे भेटतील तिथे लोक म्हणतात, "गाडी ओढून नेणारं पाव्हनं आलं. घरात काय असंल ते आत ठिवा."

घाट उतरल्यावर सुनंदा बोलली. "माझ्या बापाचे हातपाय काढून घेतलेत तुम्ही. लाज नाही वाटली?" मग मी तिला सांगितलं. चोक, एस्टी, राम राम, सगळं. संगमनेरला तिने गाडी थांबवायला लावून दोन चहा सांगितले. मग म्हणाली, "तरीच. मी फोनवर रडले होते एकदा, तर म्हणाले, बरं बरं, खुशाल ऱ्हा."

पुढे दूध दत्तूच्या मोटरसायकलवर जाऊ लागलं. मामा ओट्यावर बसू लागले. मला चैन पडेना. पिकअप शेडमध्ये उभी, रोज सुरू करून ठेवायचो. जुन्या गाड्यांचे शौकीन यायचे, लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने मागायचे. मी सांगायचो, ही माझी नाही. "मग कुणाची?" विचारलं की मी बॉनेट लावून घ्यायचो.

शेवटी सुनंदा माहेरी गेली आणि मामांना घेऊनच आली. दात दाखवायचेत म्हणून आणलं आणि सावेडीतल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, मशीन आलं. मशीन कानात घालून मामा पहिल्यांदा आले ते माझ्या शेडमध्ये. मी पिकअप सुरू केली. वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. मामांनी तोंड वाकडं केलं.

"केवढी खडखडती वो ही! आन तुमी म्हनं नगरातलं मिस्त्री."

वर्षभरातलं त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं ते. मी दुपारभर व्हॉल्व्ह लावत बसलो.

चावी त्यांनी मागितली नाही. मीही दिली नाही. मशीन म्हणजे कान नव्हे, डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाऱ्यात, पावसात, घाटात भरवसा धरू नका. पण नुसत्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा गुबगुब मला जेवतानाही ऐकू यायचा.

यंदा पुन्हा अधिक आला. या वेळी एस्टीने गेलो नाही. पिकअप घेऊनच चढलो. धोंडे झाले, मी टोपीवर रुसलो, टोपी मिळाली. "सुदारलं पाव्हनं," चुलत सासरे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. गाडी रात्रभर दवात उभी, गार. मी दाराशी गेलो, थांबलो, आणि फिरून दुसऱ्या बाजूने आत बसलो. चावी आधीच लावून ठेवली होती. मामा आवारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फेटा सारखा केला आणि ड्रायव्हरच्या जागी चढले. सुनंदा मागच्या हौद्यात पिशव्यांवर बसली. दत्तू काहीतरी बोलायला पुढे आला, तर मामींनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

मामांनी चोक ओढला. सेल्फ मारला. इंजिन टणटणीत. गाडी आवारातून निघाली, खाचरांच्या कडेच्या सपाट वाटेने. आवाज जड झाला. मी हात मांडीखाली दाबले. गुबगुब सुरू झालं. मी बाहेर बघितलं, आत बघितलं, टोपी काढली, घातली. मामा ओठ मिटून समोर बघत होते.

मग त्यांनी हात नेला आणि बटण हळूच आत ढकललं. जरासा उशीर झाला होता.

घाट जिथे सुरू होतो तिथे एक आंब्याचं झाड आहे. मामांनी गाडी त्याच्याखाली घेतली, न्यूट्रलला टाकली, ब्रेक ओढला आणि खाली उतरले. दार माझ्यासाठी उघडं ठेवलं.

"उताराला तुमी," म्हणाले, आणि आलो त्या वाटेने चालत निघाले.

मी सरकून स्टिअरिंगवर बसलो. सवयीने हात चोककडे गेला. तो पूर्ण आत होता.